पहिली विहीर

त्र्याहत्तरचा उन्हाळा. दुष्काळात टँकर कुठं पाठवायचा हे ठरवण्यासाठी विहिरींचं पाणी मोजणाऱ्या पथकाचे प्रमुख आण्णासाहेब यांनी फेरीचा मार्ग आखला, तो विहिरी पाहून नव्हे, जेवणाची वेळ पाहून. नळदुर्गच्या विश्रामगृहातून दिवस उगवता निघायचं. पहिली विहीर बौद्ध वस्तीची, मग रस्त्याकडेच्या चार, आणि भर दुपारी सोसायटीचे चेअरमन आबाराव यांचा मळा. तिथं मटण शिजलेलं असे.

टेप विहिरीत सोडायचं काम मच्छिंद्रचं. नुकताच बी.एस्सी. झालेला. दर आठवड्याला तीच फेरी, त्याच क्रमानं. वस्तीच्या विहिरीत सकाळी दोन हात पाणी दिसे. आबारावांची मोटर सकाळभर चालून दुपारी त्यांच्या विहिरीचा तळ उघडा पडलेला असे. म्हणून टँकर जाई मळ्यावर.

"सायेब, रातभर पाझरल्यालं पानी हाय त्ये," वस्तीवरची मुक्ताबाई म्हणाली. "उन्हं चढली की नुसता गाळ. दुपारच्याला या की!"

"बाई, टेप खोटं बोलत नाही," आण्णासाहेब म्हणाले.

"टेपाचं काय न्हाय वो. तुमीच लई लवकर येता."

जीपमध्ये मच्छिंद्रनं विषय काढला. "साहेब, ती म्हणते ते बरोबर आहे. एक फेरी उलट दिशेनं करून बघू."

"म्हणजे मळ्यात सकाळी सातला? तेव्हा मटण कोण खाणार, तुझा बाप? शास्त्रात सातत्य लागतं, बाळ."

ते सातत्य साहेबांच्या पोटानंच मोडलं. पुढच्या फेरीच्या दिवशी ते विश्रामगृहात आडवे होते. "फेरी चुकवू नकोस," त्यांनी कण्हत बजावलं. मार्गाबद्दल बजावायचं राहून गेलं.

मच्छिंद्रनं जीप आधी मळ्याकडे घ्यायला लावली. आबाराव दात घासत होते. मोटर अजून बंद, विहिरीत पुरुषभर पाणी.

"अरे, ही काय मोजायची वेळ हाय?" ते तोंडातल्या फेसासकट ओरडले.

"तुमच्याकडं नाही, चेअरमनसाहेब. वस्तीवर दर वेळी हीच वेळ असते."

दुपारी वस्तीवर टेपाचं वजन खणकन कोरड्या दगडावर आपटलं. काठावरच्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. "आता लिवा," मुक्ताबाई म्हणाली.

आकडे तहसीलला गेले आणि टँकर वस्तीकडे वळला. बरे झालेल्या आण्णासाहेबांनी तहसीलदारांपुढे छाती फुगवून सांगितलं, की दिशा बदलण्याचा प्रयोग आपलाच. हे आबारावांच्या कानावर गेलं आणि मळ्यातलं जेवण बंद झालं.

तेव्हापासून साहेबांना फेरी कुठूनही सुरू केलेली चालू लागली.