बांडीचा पान्हा

“परत उलटली,” मुलगा गोठ्याच्या दारातूनच म्हणाला.

बांडी सकाळपासून हंबरत होती. पुन्हा माजावर आली होती, म्हणजे याही खेपेचं भरवणं वाया गेलं होतं.

“बीजातच खोट असणार,” म्हातारा म्हणाला. “गाईला काय धाड भरलीय?”

“बाबा, दर वेळी बीज वेगळं होतं. आता डॉक्टरीणबाई बघतील. त्यांनीही हात टेकले, तर मी विकणार. गाभणच राहत नाही असं जनावर किती दिवस पोसायचं?”

बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचा दिवस बांडीपाशी सुरू व्हायचा आणि तिच्यापाशीच संपायचा. तिच्या कासेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. “सासूबाईंना सवत आणून ठेवलीय मामंजींनी,” असं सून चिडवायची, आणि ते त्याला आवडायचं.

डॉक्टरीणबाईंनी आल्यावर आधी गाईचं पोट तपासलं. गर्भाशयात काही दोष नव्हता. मग त्यांनी हातमोजा उतरवला आणि धार काढायला सांगितली.

म्हाताऱ्याने सड धुतले आणि नेहमीसारखी पहिली धार खालच्या पेंढ्यात सोडली. पहिल्या धारेत घाण असते, ती बादलीत घ्यायची नाही, हे त्याला बापाने शिकवलं होतं.

“खाली नको, यात काढा,” बाईंनी काळी वाटी पुढे केली. एकेका सडाची धार घेऊन झाल्यावर ती त्याच्यासमोर धरली. “काय दिसतंय?”

“दूध,” म्हातारा म्हणाला. “दुसरं काय दिसणार?”

मुलाने वाटीत डोकावलं आणि मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. दुधात फुटलेल्या दह्यासारखे कण होते. ते म्हाताऱ्याला सोडून सगळ्यांना दिसत होते.

“दुखणं कासेत आहे, आणि जुनं आहे,” बाई म्हणाल्या. “कास सुजली नाही म्हणून कळलं नाही. पण आतल्या दाहाचं विष अंगभर भिनतं. मग गाईचं स्वतःचं बीज वेळेवर सुटत नाही, गर्भ राहिला तरी टिकत नाही. तुम्ही उगाच पोटाला दोष देत बसलात.”

“मला गाळणीत कण दिसायचे,” सून हळूच म्हणाली. “मी धुऊन टाकायचे.”

“मग बोलली का नाहीस?” नवरा तिच्यावर उखडला.

“काय बोलू? मामंजींना दिसत नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगू?”

म्हाताऱ्याला तिचा राग आला नाही. उलट मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांपुढे साय धरल्यासारखं त्याला कधीचं होत होतं. बोललो तर धार काढणं सुटेल, म्हणून तोही मूग गिळून बसला होता. ज्या गाईसाठी जीव टाकला, तिचंच त्याने वाटोळं केलं होतं.

“बरी होईल ना?” त्याने विचारलं.

“होईल. एखादा सड कदाचित जाईल, पण बरी झाली की गाभण राहू शकेल. रोज वाटीत बघूनच धार काढायला हवी, एवढंच.” कुणी बघायचं, ते बाईंनी सांगितलं नाही.

म्हातारा मांडीला हात देत उठला. “बस, सूनबाई.”

सून बसली. परका हात लागताच बांडीने पाय झाडला आणि अंग आखडून घेतलं. “पान्हा चोरतेय ही, मामंजी.”

तो गाईच्या पुढ्यात जाऊन तिच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवू लागला. तिने चोरावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. म्हणजे सगळे पुन्हा त्यालाच बोलावतील. पण मग दुखणं तसंच राहील आणि बांडी जाईल, हेही त्याला कळत होतं.

“सोड गं बाई,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “घरचीच आहे ती.”

थोड्या वेळाने वाटीत धार वाजली.

“आली, मामंजी.”

“येणारच,” तो म्हणाला, आणि गळा खाजवत राहिला.