मी गिरिजाबाईची काठी होते

मित्रांनो, मी धामणीच्या लाकडाची एक जुनी काठी आहे. धामण म्हटल्यावर दचकू नका, त्या नावाचा साप असतो तसं झाडही असतं. आज मला पाहाल तर काठी म्हणणार नाही. माझ्या एका टोकाला चामड्याची टिकली आहे, दुसऱ्या टोकाला शिसवी मूठ आहे आणि अंगावर असं पॉलिश आहे की माशी बसली तर घसरेल. पण त्या पॉलिशवर जाऊ नका.

भोकरदनकडच्या डोंगरात रामकिसन नावाच्या माणसाने मला तोडलं. मोठ्या चिकाटीचा माणूस. ओलं लाकूड घाईने वापरलं तर वाकतं आणि उन्हात टाकलं तर तडकतं, म्हणून त्याने मला दोन वर्षं घराच्या आढ्याला टांगून सावलीत वाळवलं. अधूनमधून जवसाचं तेल चोळलं. मग परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाताना तो मला मिरवू लागला. तो वारल्यावर मी त्याच्या बायकोकडे, गिरिजाबाईकडे आले.

गिरिजाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि उजवा गुडघा कधीच कामातून गेला होता. तिचे डोळे मी आणि गुडघाही मीच. उंबरा कुठे संपतो, नालीवरची फरशी कुठे डगमगते, ते मी आधी ठोकून बघायची, मग ती पाऊल टाकायची. संध्याकाळी आम्ही दोघी विहारात वंदनेला जायचो. शेजारची साळूबाई चिडवायची, "आली बघा म्हातारी सुनंला घेऊन!" त्यावर गिरिजाबाई म्हणायची, "या सुनंनं अजून उलटं उत्तर दिलं न्हाई बाई." मला फार अभिमान वाटायचा.

तिचा मुलगा कडूबा व्यापाऱ्यांच्या क्लबात कामाला होता. तिथे हिरवं कापड लावलेलं एक मोठं टेबल होतं. त्यावर शेठलोक लांब काठीने गोळे ढकलायचे. त्या काठीला ते क्यू म्हणत. टेबल झाडणं, गोळे पुसणं, क्यू जागेवर लावणं हे कडूबाचं काम. दुष्काळात जिनिंगमधून त्याला कमी केलं होतं, तेव्हा कुठे ही जागा मिळाली होती.

एके दिवशी क्लब चालवणाऱ्या किशनलाल शेठचा सोपा गोळा चुकला. रागाच्या भरात त्यांनी क्यू जमिनीवर आपटला आणि त्याचा पुढचा निमुळता भाग उभा चिरला. पुढच्या रविवारी जालन्याची मंडळी खेळायला येणार होती. शेठ मनाने वाईट नव्हते, पण जिभेला हाड नव्हतं. म्हणाले, "कडूबा, रविवारच्या आत हे बराबर करून आण. न्हाई तर सोमवारपासून दुसरा माणूस बघतो."

कडूबा मच्छिंद्र सुताराकडे धावला. क्यूचा पुढचा भाग निवडणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा अवघड काम. साग घेतला तर खटकन मोडायचा, बाभूळ जड पडायची. धामण सगळ्यांत बरी, पण बाजारात होती ती ओली. मच्छिंद्रने एक डोळा मिटून ती पाहिली, फळीवर लोळवली आणि बाजूला टाकली. "उन्हाळ्यात धनुष्य होईल याचं," तो म्हणाला. कडूबाचं तोंड उतरलं. घरच्या आढ्यात एखादा जुना वासा मिळतो का, ते बघायला तो मच्छिंद्रला घेऊन आला.

वासे किडलेले निघाले. मी दाराशी टेकून उभी होते. मच्छिंद्रची नजर माझ्यावर पडली. त्याने मला उचललं, बोटाने टिचकी मारली, जमिनीवर लोळवलं. मी सुतासारखी सरळ लोळत गेले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपल्या अंगात एखादा बाक असता तर किती बरं झालं असतं!

"हेच पायजे," मच्छिंद्र म्हणाला.

"ती मायची हाय," कडूबा लगेच म्हणाला. "ती न्हाई."

पण गिरिजाबाईने आतून सगळं ऐकलं होतं. "ने रं," ती म्हणाली. "तुझं काम टिकू दे. मला काय, कोणतीबी काठी चालती."

कोणतीही चालत नव्हती. ते मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. पण आईने एकदा चालतं म्हटलं की मुलांना ते खरंच वाटतं. मला तर तोंडच नव्हतं.

मच्छिंद्रने रंधा मारून मला निमुळती केली. एक टोक बोटाएवढं बारीक झालं. जुन्या क्यूची शिसवी मूठ मला सांधली. रविवारी किशनलाल शेठ जिंकले. "क्या लकडी है!" म्हणून सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं. कडूबाने आईसाठी बाजारातून बांबूची नवी काठी नेली.

पुढे एकदा कडूबा बरेच दिवस क्लबात आला नाही. आला तेव्हा दाढी वाढलेली होती. शेठनी विचारल्यावर त्याला रडू फुटलं. नालीवरच्या फरशीच्या फटीत बांबू अडकून चिरला होता आणि गिरिजाबाई पडली होती. खुबा दुखावला होता. "डाक्टर म्हनतो, आता उठून चालली तर चालली, न्हाई तर कायमची खाटंवर. अन माय म्हनून राह्यली, माझी काठी आणा, मंग उठते."

शेठ उठले. त्यांनी स्वतः मला भिंतीवरून काढलं. "घेऊन जा. खेळ काय, होत राहील."

मित्रांनो, त्या दिवशी परतूरच्या रस्त्याने मी किती आशेने गेले म्हणून सांगू!

गिरिजाबाईने मला वरपासून खालपर्यंत चाचपलं. "किती रोडावलीस गं बाई तू," ती म्हणाली. मग खाटेवरून पाय खाली सोडले, मला जमिनीवर रोवलं आणि भार टाकला. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, तरी वाकले. कडूबाने मला उलटी करून दिली, तर बारीक टोक तिच्या मुठीतून सटकू लागलं. ती तिसऱ्यांदा उठायला गेली आणि परत खाटेवर बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "तीबी थकली आता."

ती पुन्हा उठली नाही. मी तिच्या उशाशी पडून असते. रात्री कधी तिचा हात माझ्यावर येतो, आणि मला तिला उभं करता येत नाही.

म्हणून हात जोडून एवढंच सांगते. लाकूड निवडताना ते सरळ आहे का, वाळलेलं आहे का, जरूर बघा. पण ते कुणाच्या हातातलं असेल आणि ते माणूस 'न्या, मला चालतं' म्हणालं, तर लगेच नेऊ नका. आधी त्याला त्या काठीवाचून दारापर्यंत चालून दाखवायला सांगा.