शेवंतीताईंनी मोजलेली लाट

दादरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शेवंतीताई बावीस वर्षं लॅब अटेंडंट होत्या. मायक्रोवेव्हच्या टेबलावर पितळी नळ्या जोडून द्यायच्या, प्रॅक्टिकल संपलं की पुसून कपाटात ठेवायच्या. त्या नळ्यांत काय चालतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं.

सोमवारी विद्यार्थ्यांनी वायरी उलट्या जोडल्या आणि सेट बंद पडला. नव्या लेक्चरर मेघना मॅडमनी जळलेला डायोड काढला, त्याचं टोपण उचकटून तो मायक्रोस्कोपखाली ठेवला.

"ताई, बघा."

खसखशीहून लहान असा एक करडा खडा दिसला.

"एवढोच?" ताईंच्या तोंडून घरची मालवणी निसटली.

"एवढाच. गॅलियम आर्सेनाइड. त्यातही कामाचा थर केसाच्या सातव्या हिश्श्याइतका. याला बॅटरीचा सरळ करंट द्यायचा. जोर वाढवला की काही इलेक्ट्रॉन पळायचे सोडून मंदावतात, मागचे येऊन थडकतात, घोळका होतो. तो पलीकडे पोचला की इकडे दुसरा तयार. सेकंदाला हजार कोटी वेळा. त्यातूनच मायक्रोवेव्हची लाट निघते."

"आणि हलवतं कोण त्यांना?"

"वेगळं कोणी नाही. त्या खड्याचा स्वभावच तसा."

ताई पुन्हा वाकल्या आणि बराच वेळ डोळा लावून राहिल्या.

नवा डायोड बसला. मॅडमनी दोन भोंगे शेजारी-शेजारी ठेवले, एक लाट सोडणारा, एक पकडणारा. लाट परत फिरवायला समोर धरायचा पत्रा सापडेना, तेव्हा ताईंनी आपल्या डब्याचं स्टीलचं झाकण आणलं. ते हळूहळू मागे नेलं तसा पकडणाऱ्या भोंग्याला जोडलेल्या मीटरचा काटा चढला, उतरला, परत चढला. आवाज नाही, हाताला ऊब नाही, मधे नुसती हवा.

"दोन चढांमध्ये झाकण किती सरकलं ते बघा."

ताईंनी पट्टी लावली. "पंधरा मिलिमीटर."

"लाट जाते आणि परत येते, म्हणून दुप्पट. तीन सेंटिमीटर. ही तिची लांबी."

ताईंनी चारदा मोजलं. चारही वेळा तेवढंच आलं. झाकण हातात तसंच धरून त्या स्टुलावर बसल्या.

"दिसत नाय ता मी मोजलंय, मॅडम?"

"तुम्हीच मोजलंत."

बुधवारी बॅच आली. एक मुलगी घाईघाईनं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवत होती. ताईंनी तिची वही हलकेच मिटली.

"आधी भोंग्यांसमोर झाकण धर. काटा बघ. मग लिही."

मुलीनं झाकण धरलं, मागे नेलं. काटा पडला तशी ती थांबली, आणि लिहायचं विसरून नुसती बघत राहिली.