मागच्या सीटवरचा आवाज

लग्नाआधी नवऱ्याने एक लाल स्पोर्ट्स कार घेतली होती. आता घरातली एकुलती एक गाडी तीच. दारं दोन, छत बसकं, मागच्या सीट नावापुरत्या. त्यांतल्या एका सीटवर आमच्या नऊ महिन्यांच्या ठमाबाईची खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असते. रोज सकाळी आधी तिला पाळणाघरात सोडायचं, मग मला ऑफिसात, आणि शेवटी नवरा त्याच्या कामाला. संध्याकाळी हेच उलट. मी पुढे बसते, पण माझी मान मागेच असते.

गेल्या महिन्यात या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला. कंपनीचा मूळ सायलेन्सर आता येतच नाही, त्यामुळे बाहेरचा बसवणं भाग होतं. नवऱ्याने मन लावून शोध सुरू केला. मी बाटल्या उकळत असताना तो शेजारी उभा राहून फोनवर वेगवेगळ्या सायलेन्सरचे आवाज लावायचा. "हा बघ, आणि आता हा." मला दोन्ही सारखेच वाटायचे. दोन तासांच्या तुकड्या-तुकड्यांत झोपणाऱ्या बाईला काय फरक कळणार? पण त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. क्रिकेट गेलं, मित्र गेले, रविवारची झोपही गेली. ही गाडी तेवढी उरली होती. म्हणून मी म्हटलं, "बाळाला त्रास होणार नसेल, तर तुला हवा तो घे."

ज्यांच्याकडे गाडी नेली, त्या मिस्त्रीकाकांची एक पद्धत आहे. ते सायलेन्सर लगेच वेल्डिंग करून पक्का करत नाहीत. नुसते पट्टे आवळून देतात आणि सांगतात, "तीन दिवस फिरा. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या माणसांना घेऊन. मग या."

दुकानात गाडी जागेवर उभी करून नवऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला. आवाज भरदार होता, कर्कश नव्हता. मी काही अडाणी नाही. फोनवर आवाज मोजायचं ॲप घेऊनच गेले होते. फुटक्या सायलेन्सरपेक्षा आकडा चारने कमी आला. धावत्या गाडीतही दोनदा मोजला, तरी तेच. आकडे लिहून ठेवले आणि माझं समाधान झालं. इतक्या सहज माझं समाधान कधी होत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

पहिल्या दिवशी ठमाबाई गाडीत अगदी गप्प बसली. एरवी ती पाळणाघर येईपर्यंत अखंड बडबडत असते, दिसणाऱ्या प्रत्येक ट्रकला काहीतरी सुनावते. "बघ, तिलाही आवडला," नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी वळून पाहिलं तर डोळे उघडे, मुठी मिटलेल्या. मला वाटलं, दात येत असतील.

संध्याकाळी पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "दोन दिवस झाले, सकाळी आली की तासभर कुणाकडे जात नाही हो. भाताला तोंड लावत नाही. घरी काही झालंय का?"

"नाही हो, काही नाही," मी म्हटलं. मग रात्रभर घरी काय झालं असेल ते आठवत बसले. तिसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान पाहिले, घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं. "बाळ ठणठणीत आहे. आईला जरा झोपेची गरज आहे," म्हणाल्या. हे मला सगळेच सांगतात. झोप कुठे मिळते, ते कुणी सांगत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं मिस्त्रीकाकांकडे गेलो. नवऱ्याने आत शिरतानाच सांगितलं, "काका, हाच पक्का करून टाका."

काकांनी हात पुसले. "मागे कोण बसलं होतं?"

"मागे कोण बसणार? तिथे माणूस मावतो का? बाळ असतं."

"बाळाने काय सांगितलं?"

नवरा हसला. मी नाही हसले. मी फोन काढून आकडे दाखवले. काकांनी चष्मा वर करून ते नीट वाचले, अगदी आदराने वाचले, आणि म्हणाले, "ताई, फोन बोलणं ऐकण्यासाठी केलेला असतो. खालचं घुमणं त्याला धड ऐकूच येत नाही. ते कानापेक्षा छातीत जास्त कळतं. आणि पुढे नाही, मागे, सायलेन्सरच्या डब्याच्या डोक्यावर बसलं की कळतं. एक चक्कर मारून या."

मी बाळाशेजारी कशीबशी शिरले. गुडघे हनुवटीला लागले. गाडी मोठ्या रस्त्याला लागून रोजच्या वेगाला पोचेपर्यंत ठीक होतं. मग ते सुरू झालं. त्याला आवाज म्हणायचं की नाही, कोण जाणे. रिकाम्या पिंपात डोकं घालून कुणी एकच सूर धरावा, तसं. पाठीतून आत शिरत होतं, दातांत थरथरत होतं. शेजारी ठमाबाईने पाय ताठ केले होते आणि ती समोरच्या सीटकडे एकटक पाहत होती. ती शांत नव्हती. ती ते संपायची वाट पाहत होती. रोज अर्धा तास जाताना, अर्धा तास येताना.

"थांबव," मी म्हटलं.

त्याने गाडी कडेला घेतली. "काय झालं? इथे तर काहीच वाटत नाही."

"तू ये मागे. मी चालवते."

"तू आधीच ठरवून बसली आहेस."

"बरं. ठरवून बसले आहे. तरी ये."

सहा फुटांचा माणूस घडी घालून त्या सीटवर बसला. मी स्टिअरिंग हातात घेतलं. बाळंतपणानंतर ही गाडी मी चालवलीच नव्हती. गिअर टाकला, वेग घेतला, आणि पुढे तो आवाज अंगावर आला. खोल, गोल, जरा मग्रूर. मला तो आवडला. खरं सांगायचं तर फारच आवडला, आणि मी रोजच्या वेगावर गाडी दोन सिग्नल जास्तच धरून ठेवली.

आरशात पाहिलं. नवऱ्याने एक हात बाळाच्या कानावर ठेवला होता. तिचा दुसरा कान खुर्चीच्या उशीला दाबलेला. त्याचे स्वतःचे डोळे मिटलेले होते.

"वळव गाडी," तो म्हणाला.

दुकानात परतल्यावर तो मागून कसाबसा बाहेर पडला. काकांनीच दुसरा सायलेन्सर आणला, जाडजूड, मध्ये आणखी एक डबा असलेला. "याला मात्र आवाज नाहीच म्हणा, साहेब. साध्या गाडीसारखी वाटेल."

"लावा."

"हाही तीन दिवस..."

"तीन दिवस नको. मी मागे बसून एक चक्कर मारतो."

काका पट्टे सोडायला गाडीखाली गेले. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाळ माझ्या मांडीवर झोपून गेलं होतं. मला खूप बोलता आलं असतं. वाक्यं तयारही होती. पण त्यांतली निम्मी मलाच लागू होती. आकडे मी मोजले होते, दात येत असतील असं मीच ठरवलं होतं. आणि भांडायला जी ताकद लागते ती आठवड्याच्या शेवटी उरत नाही.

"तीन दिवस," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "आणि मी म्हणत होतो, तिला आवडला."

"मीही वळून बघतच होते की."

गाडीखालून काढलेला सायलेन्सर काकांनी भिंतीला टेकवून ठेवला. नवरा त्याच्याकडे बघत राहिला.

"पुढे बसून मात्र छान वाटतो," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी बरं वाटावं म्हणून बोलते आहे का ते तपासत.

"चढावर विशेष," मी म्हटलं.

"हो ना?" तो म्हणाला, आणि बाळ उठू नये म्हणून अगदी हळू आवाजात मला सांगू लागला की तिसऱ्या गिअरमध्ये तो आवाज नेमका कुठे बदलतो.