जोडलेल्या तारेचा उजेड

मी साठ वॅटचा बल्ब बोलतोय. तोंड दाखवायला जागा नाही, तरी बोलतोय, कारण गप्प बसूनच मी एका पोरीचा घात केला आहे.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर, झुंबरबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यात मी टांगलेला होतो. घरात एलईडी आले आणि मला पिलांना ऊब द्यायला तिकडे पाठवलं. तिथेही मी मिरवायचो. एडिसनसाहेबांच्या घराण्यातला ना मी!

मग झुंबरबाईची नात, आठवीतली सुकन्या, मला न्यायला आली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला बल्बच्या शोधाची गोष्ट सांगायची होती, आणि एलईडीत दाखवायला तार कुठे असते? तिचे वडील रामहरी ऊसतोडीला निघायच्या तयारीत होते. त्यांनी सरळ सांगितलं होतं, "नंबर आला तर ऱ्हा आजीपशी, शिक. न्हाई आला तर चल तोडीला. बारक्याला कोन सांभाळनार?"

ती अंगणात मोठमोठ्याने पाठ करायची. इंग्लंडात स्वान नावाचे गृहस्थ एडिसनच्याही आधीपासून खटपट करत होते. एडिसनच्या माणसांनी आधी जाळून कोळसा केलेला सुती दोरा वापरला, मग बांबूची काडी. माझी टंगस्टनची तार तर पुढे दुसऱ्याच लोकांनी आणली. ऐकता ऐकता माझा तोरा उतरला. पण पुरता नाही उतरला, हेच वाईट झालं.

प्रदर्शनाच्या सकाळी पुसताना मी सुकन्येच्या हातून ओट्यावर आपटलो. काच वाचली, तार तुटली. तिला रडूच फुटलं.

"आन इकडं," म्हणत झुंबरबाईने मला हातात धरून हळूहळू कलतं केलं, हलवलं. तुटलेलं टोक दुसऱ्या टोकावर जाऊन टेकलं. तसंच अलगद होल्डरात बसवून तिने बटण दाबलं. टोकं एकमेकांना चिकटली. मी पेटलो, आणि पहिल्यापेक्षा जास्त पेटलो.

"अगं बया! लई लख्ख पडलाय की!"

अशी जोडलेली तार आखूड होते, म्हणून जास्त उजेड देते आणि लवकर जळते. मला ते आतून कळत होतं. एकदा जरी लुकलुकलो असतो, तरी सुकन्येने दुकानातून दुसरा बल्ब आणला असता. वेळ होता. पण कित्येक वर्षांनी कुणी माझं कौतुक करत होतं. मी फुगलो आणि गप्प राहिलो. लाज वाटते सांगायला.

शाळेत परीक्षक तिच्या टेबलापाशी आले. सुकन्येने बटण दाबलं. मी भपकन पेटलो आणि विझलो. तिने पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहिलं.

"सर, मला समदं पाठ हाय," ती कशीबशी म्हणाली.

"पाठांतर नको, प्रयोग दाखव," म्हणत त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

नंबर आला नाही. रामहरी रागावले नाहीत, त्यांनी नुसतं तिचं गाठोडं बांधलं. ट्रकमध्ये चढताना सुकन्या आजीला म्हणाली, "आजे, बल्ब टाकू नको हां. पुढल्या साली मी त्योच नेनार हाय."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता माझ्यात जोडायला तारच उरलेली नाही, काचेला आतून काळा डाग तेवढा आहे. झुंबरबाई मात्र रोज मला कानाशी धरून हलवते. तुमच्यापैकी कुणी त्या वस्तीवर गेलात, तर तिला सांगा, नवा बल्ब आणून ठेव म्हणावं. पोरगी परत यायच्या आत.