सात हात लांब

कार्यशाळेत लेथ यंत्रावर काम करणाऱ्या मामांना संशोधन संस्थेत सगळे तोफमामा म्हणत, ते त्यांच्या शिंकेमुळे. मामा शिंकले की पलीकडच्या खोलीतला कारकून सवयीने कागदांवर हात ठेवी. मामांना त्याचं वाईट वाटत नसे. "आमचं घराणंच दमदार," म्हणत ते रुमाल खिशात कोंबत.

त्यामुळे शिंकेचा अभ्यास करणाऱ्या बाईंना माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. "मामा, सर्दी झाली की सरळ माझ्याकडे या," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. मामा एके दिवशी लालबुंद नाक घेऊन हजर झाले. मागे काळा पडदा, बाजूने झगझगीत दिवा आणि समोर सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा. तोफ उडाली.

बाईंनी मास्क नीट करून ती फीत संथ चालवली. तोंडातून ओलावा पातळ पडद्यासारखा ताणला गेला, फाटला, त्याचे धागे झाले, धाग्यांवर मणी धरले आणि मणी तुटून थेंब उडाले. मामा कौतुकाने बघत होते. मोठे थेंब लगेच खाली आले. बारीक थेंब मात्र उबदार वाफेच्या ढगात बसून काळ्या पडद्याच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच तरंगत राहिले.

"हे कुठवर जातात?" मामांनी विचारलं.

"बंद खोलीत चौदा-पंधरा हातही जातात. पूर्वी वाटायचं, चार हातांवर सगळं खाली पडतं."

मामांनी हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. "आमच्या आईचा पलंग सात हातांवर होता," ते म्हणाले.

त्यांची आई आदल्या वर्षी गेली होती. आधी मामांना ताप-खोकला, मग आठवड्याभरात तिला, आणि तिच्या थकलेल्या फुप्फुसांना तो झेपला नाही. डॉक्टरांनी चार हात लांब राहा म्हटलं, तर मामांनी टेप लावून सात हात मोजले होते. आयुष्यभर त्यांचं माप कधी चुकलं नव्हतं.

"खिडकी उघडी असायची?" बाईंनी हळूच विचारलं.

"तिला वारा सोसत नव्हता."

बाईंनी फीत थांबवली. "मामा, या फितीवरून कुणाला कुणाकडून झालं ते सांगता येत नाही. घरात माणसं येत-जात असतात. तुमच्यामुळे झालं असंही मी म्हणणार नाही, नाही असंही म्हणणार नाही. मला खरंच माहीत नाही."

मामा मान हलवून उठले. त्या दिवशी त्यांनी दोन दांडे चुकीच्या मापाचे कापले.

घरी येऊन त्यांनी पुन्हा टेप काढला. पलंग कधीच देऊन टाकला होता, तरी भिंतीपासून भिंतीपर्यंत ते मोजत बसले. मामी भाजी चिरायची थांबल्या. "काय मोजताय?" मामांनी सगळं सांगितलं, थेंब, ढग, खिडकी, सगळं.

मामींनी विळी बाजूला सरकवली. "एक सांगायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "दुपारी तुमचा डोळा लागला की आई भिंत धरत तुमच्या उशाशी येऊन बसायच्या. कपाळावरून हात फिरवायच्या. त्याला सांगू नकोस, ओरडेल, म्हणायच्या."

"रोज?"

"ताप होता तेवढे दिवस. तुम्ही कूस बदललीत की जायच्या. मी अडवायला हवं होतं. वर्षभर हेच डोक्यात आहे. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

मामांनी टेप गुंडाळून ठेवला. "ती तुझं ऐकणार होती होय," ते म्हणाले. मग आई गेली त्या दिवशीही जे रडले नव्हते, ते मामा भिंतीला टेकून रडले. मामी शेजारी बसून राहिल्या.

ती फीत बाई अजून शिकवताना दाखवतात. मामांनी नाही म्हटलं नाही. पण पुन्हा कॅमेऱ्यासमोर ते बसले नाहीत. शिंक येतेयसं वाटलं की लेथ बंद करून आवाराच्या पार टोकाला जातात. नव्याने लागलेल्या लोकांना त्यांना तोफमामा का म्हणतात, ते ठाऊक नाही.