नारिंगी जाकीट

हरणांच्या शिकारीचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो, आणि त्या दिवशी मिशिगनच्या या वरच्या टोकाला कोणी शहाणा माणूस काम करत नाही. लोरेटा हाउताला ही बाई मात्र करायची. कॉलेजच्या सुरक्षा कचेरीत तिची खिडकी होती. वसतिगृहात बंदूक ठेवायला बंदी, म्हणून पोरं आपापल्या रायफली तिच्या लोखंडी कपाटात ठेवायची आणि हंगामात सही करून न्यायची. बावीस वर्षं ती हेच करत होती. कोणाचा नेम वाकडा, कोणाला थंडीत रडू येतं, सगळं तिला तोंडपाठ.

कोल्टन नीमेला नावाचा पोरगा आला तेव्हा साडेनऊ वाजले होते. बाकीची पोरं उजाडायच्या आतच रानात गेली होती.

"उशीर केलास रे," लोरेटा म्हणाली. "हरणं काय तुझ्यासाठी थांबून राहिलीत?"

तो हसला नाही. मुळातच घुमा. आई ॲरिझोनाला निघून गेली तेव्हा हा पाचवीत होता. आजोबांनी वाढवला, बाराव्या वर्षी त्यांच्याच रायफलीनं पहिलं हरीण पाडलं. ही हकिगत तो दर वर्षी या खिडकीशी सांगायचा, तेवढ्यापुरता बोलका व्हायचा. मार्चमध्ये आजोबा गेले. तेव्हापासून तो वर्गात फिरकत नाही, असं लोरेटाच्या कानावर आलं होतं. एकदा घरी जेवायला बोलवू, असं तिनं ठरवलंही होतं. राहूनच गेलं.

तिनं रायफल काढून दिली. त्यानं सही केली.

"जाकीट कुठंय नारिंगी? या काळ्या कोटात रानात गेलास तर कोणीतरी तुलाच हरीण समजून उडवेल."

"गाडीत आहे, मिसेस हाउताला." रायफलीची पिशवी खांद्याला लावता लावता तो थांबला. "ब्रिन आज वाचनालयात आहे का?"

ब्रिन म्हणजे लोरेटाची लेक. पोराच्या मनात काहीतरी आहे वाटतं, म्हणून लोरेटा गालातल्या गालात हसली. "आहे की, बारापर्यंत. वर काउंटरवर. जाता जाता भेटून जा."

भेटून जा. देवा रे, तिचेच शब्द.

कपाट लावून ती वळली तेव्हा तो खिडकीतून दिसत होता. गाड्या लावायची जागा डावीकडे. कोल्टन उजवीकडची चढण चढत होता, वाचनालयाची. आणि मग तिला आठवलं. गाडी त्यानं सप्टेंबरातच विकली होती. बसचं वेळापत्रक तिनंच त्याला छापून दिलं होतं.

टेबलाखाली लाल बटण होतं. दाबलं की सगळ्या इमारतींत भोंगा वाजणार, दारं बंद होणार. गेल्या वर्षी तिनं ते दाबलं होतं. लांब पिशवी घेतलेल्या एका पोराला पाहून दोन हजार माणसं दोन तास कोंडली, आणि पिशवीतून निघाला पडद्याचा दांडा. तेव्हापासून गस्तीवरचा रँडी तिला 'दांडेवाली बाई' म्हणायचा. तिनं बटणाऐवजी रँडीला फोन लावला.

"अगं बाई, आज कोणा पोराच्या हातात रायफल नसेल तर मला फोन कर," रँडी म्हणाला.

"त्याच्याकडं नारिंगी नाहीये. गाडी पण नाहीये, रँडी."

"दुसऱ्या कोणाच्या गाडीतनं जात असेल. परत दांडा काढू नकोस."

तेवढ्यात दोन बार ऐकू आले. सकाळपासून नदीपलीकडून बार येतच होते, त्यामुळे बाहेर कोणी मान वर केली नाही. हिरवळीवर दोन मुली कॉफी पीत हसत होत्या, त्या हसतच राहिल्या. पण रानातला बार घुमतो. हे दोन बार भिंतीआड दार आपटावं तसे बसके होते.

लोरेटाचा हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. भोंगा वाजला की कोल्टनही ऐकणार. बिथरून जिना चढणार, आणि समोर काउंटरवर ब्रिन. तिनं फोन कापला आणि वाचनालयाचा नंबर फिरवला. एकदा चुकला, पुन्हा फिरवला.

"आई? काय गं?" ब्रिनचा आवाज निवांत होता.

"खाली बार ऐकलास?"

"आज दिवसभर तेच आहे ना."

"ब्रिन, ऐक. फोन खाली ठेव आणि मागच्या जिन्यानं बाहेर पड. आत्ता. कोणाशी बोलू नकोस, कोणाला हाक मारू नकोस. नुसती नीघ."

हा आवाज ब्रिनला माहीत होता. सात वर्षांची असताना बोरं तोडताना समोर अस्वल आलं, तेव्हा आईनं असंच बोलून तिला मागं चालवत नेलं होतं. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. लोरेटा खिडकीतून वाचनालयाच्या मागच्या दाराकडे टक लावून बसली. ब्रिनची लाल टोपी दिसली, पळताना दिसली. मग तिनं बटण दाबलं.

बार झाल्यापासून बटण दाबेपर्यंत पन्नास सेकंद गेले होते. पुढं पोलिसांनी ते मोजले.

दारातला चौकीदार जिवानिशी गेला. वरच्या वाचनकक्षात आणखी चौघं मेली. शेवटी कोल्टननं आजोबांची रायफल स्वतःवर चालवली. का, ते कोणालाच कळलं नाही. त्यानं ब्रिनला का विचारलं, वाचवायला की मारायला, हेही नाही. रँडी लोरेटाच्या घरी आला, टोपी हातात धरून दारातच उभा राहिला, आणि तसाच परत गेला. शेजारणी डबे आणत होत्या. आईनं लेकीला वाचवलं, असं जो तो म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर ब्रिन पहिल्यांदा बोलली.

"मेरिट खिडकीशी बसली होती. मी तिच्या खुर्चीला घासून गेले. तिनं वर बघितलं आणि हसली." त्या चौघांत मेरिटही होती. ब्रिननं काटा खाली ठेवला. "नुसतं 'चल' म्हणायचं होतं, आई. तू बोलू नको म्हणालीस."

"हो," लोरेटा म्हणाली.

"का?"

थांबली असतीस तर, असं म्हणता आलं असतं. घाबरले होते, असंही. दोन्ही खरंच होतं. पण उद्या पुन्हा फोन लावायची वेळ आली तर आपण हेच सांगू, शब्द न शब्द हेच, हे लोरेटाला पक्कं ठाऊक होतं. तिनं मान वर केली, आणि लेकीला ते आईच्या तोंडावरच वाचता आलं.

ब्रिननं ताट उचललं, तसंच भरलेलं ओट्यावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली.